दिसलेला मासा

टेक्सासचा दक्षिण किनारा आणि पाद्रे बेट यांच्यामध्ये लागुना माद्रे नावाचं लांबलचक खारं सरोवर पसरलं आहे. बऱ्याच ठिकाणी त्याचं पाणी कमरेच्या वर जात नाही. हिवाळ्यात उत्तरेचा गार वारा एक-दोन दिवस जोरात वाहिला, की पाणी समुद्राकडे लोटलं जातं आणि पातळी उतरते. थंडीमुळे पाण्यात तरंगणारं शेवाळही कमी झालेलं असतं. मग वारा पडतो, ऊन पडतं आणि तळाचं गवत, वाळू, चिखल सगळं लख्ख दिसू लागतं. अशा सकाळी रेडफिश ऊन खायला काळ्या चिखलावर येतो, कारण काळा तळ लवकर तापतो. पाठीला तांब्याचा रंग, शेपटीच्या बुंध्याशी डोळ्याएवढा काळा ठिपका. आपल्याकडच्या घोळ आणि ढोमा यांच्याच कुळातला हा मासा आहे.

त्याला पकडायला येणारा माणूस इंजिन बंद करतो. एक जण लांब काठीने होडी हळूहळू रेटतो, दुसरा पुढच्या टोकाला उभा राहतो. डोळ्यांवर पाण्याची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा, हातात बारीक रॉड, आठ-दहा पौंड ताण सोसेल एवढीच दोरी आणि टोकाला साडेतीन ग्रॅमचं आमिष. तो आधी पाण्यात बघत राहतो. मासा दिसला, त्याचं तोंड कुठे वळलंय ते कळलं, की मगच आमिष त्याच्या वाटेवर चार-पाच फूट पुढे टाकतो. थंडीत मासा सुस्त असतो, पाठलाग करत नाही. म्हणून आमिष जवळजवळ सरपटतच न्यावं लागतं.

मासेमारीच्या इतर बहुतेक प्रकारांत कोणता जीव हाती लागणार हे आधी ठाऊक नसतं. जाळ्याला डोळे नसतात. खाडीच्या पुलावर संध्याकाळभर गरवणाऱ्यालाही गळाला काय लागेल ते सांगता येत नाही. इथे मात्र एक विशिष्ट मासा निवडलेला असतो. तो कुठून आला, काय हुंगतोय, कुठे थबकला हे माणसाने मिनिटभर पाहिलेलं असतं. मग तो लागतो, झुंजतो, दमतो, बाहेर येतो, त्याचा फोटो निघतो आणि बहुतेक वेळा त्याला परत पाण्यात सोडलं जातं. खायचं नसताना, नीट पाहून निवडलेल्या एका जिवाला केवळ त्याच्याशी झुंजण्यासाठी ओढणं योग्य आहे का, हा प्रश्न हिंसेचा विचार करणाऱ्या प्रत्येक परंपरेला अडवतो.

मज्झिम निकायातल्या उपालिसुत्तात हाच पेच वेगळ्या रूपात येतो. निगंठ नातपुत्तांचा, म्हणजे महावीरांचा, अनुयायी उपाली बुद्धांशी वाद घालायला जातो. मुद्दा असतो, शरीराने केलेलं कर्म अधिक भारी की मनाने केलेलं? बुद्धांचं उत्तर मनाच्या बाजूचं आहे. जैन विचारालाही मन गौण नाही. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावध आणि रागद्वेषाने भरलेल्या वृत्तीला, केंद्रस्थानी ठेवलं आहे. मासा सोडून देणाऱ्या मच्छीमाराला या कसोट्या लावल्या, तर विचित्र चित्र दिसतं. मारण्याचा हेतू त्याच्या मनात नाही, उलट मासा जगावा अशी त्याची मनापासून इच्छा आहे. पण ओढण्याचा हेतू आहे, आणि तो भुकेपोटी नाही. कोळ्याच्या जाळ्यामागे पोट असतं, घर असतं. इथे आनंद आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्या जिवाने द्यायची आहे.

ती किंमत किती, यावर विज्ञानात मोठा वाद झाला. 2002 साली जेम्स रोझ यांनी मांडलं, की माशाला आपल्यासारखं मेंदूचं बाह्यपटल, निओकॉर्टेक्स, नाही, म्हणून वेदनेची जाणीवही नाही. पुढच्याच वर्षी लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष आणि ॲसेटिक आम्ल टोचून पाहिलं. मासे तळावर डोलू लागले. आम्ल टोचलेले मासे ओठ खड्यांवर घासू लागले आणि खाण्याकडे परतायला त्यांना कितीतरी जास्त वेळ लागला. ब्रायन की यांनी 2016 मध्ये पुन्हा विरोधी बाजू जोरात मांडली. पण पारडं झुकत गेलं. 2022 च्या ब्रिटिश कायद्याने सगळ्या पृष्ठवंशी प्राण्यांना संवेदनक्षम मानलं आणि त्यांत मासे आले. 2024 मध्ये न्यूयॉर्कमध्ये अनेक शास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञांनी सह्या केलेल्या जाहीरनाम्याने माशांना जाणीव असण्याची वास्तव शक्यता मान्य केली. शक्यता म्हणजे खात्री नव्हे. पण ज्याच्यासमोर ही शक्यता आहे आणि ज्याच्याकडे दुसरा पर्याय आहे, त्याला ‘सिद्ध झालेलं नाही’ एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. प्रमाद म्हणतात तो हाच.

बारीक दोरी वापरली की माशाला संधी मिळते, सामना बरोबरीचा होतो, असं या छंदातली माणसं अभिमानाने सांगतात. यातलं कौशल्य खरं आहे, बरोबरी मात्र खरी नाही. दोरी जितकी नाजूक, तितका मासा जास्त वेळ झुंजतो. जितका वेळ झुंजतो, तितकं त्याच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं आणि सोडल्यावर सावरणं अवघड होतं. नियम माणसाने घातले आणि त्यांतून वाढणारा रोमांचही माणसाच्याच वाट्याला आला. हिवाळा इथे थोडी दया करतो, कारण गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो आणि माशाच्या शरीराचा वेगही मंदावलेला असतो. उन्हाळ्यापेक्षा थंडीत सोडलेला मासा जगण्याची शक्यता म्हणून चांगली. तरी अटलांटिक किनाऱ्यावरच्या रेडफिशचा हिशेब मांडताना शास्त्रज्ञ सोडलेल्या शंभरांपैकी साधारण 8 मासे मरतात असं धरून चालतात. ते मरण होडीतून कुणाला दिसत नाही. जो छंद सगळा डोळ्यांवर उभा आहे, त्यात नेमकं एवढंच नजरेआड राहतं.

जर्मनीत प्राण्याला सबळ कारणाशिवाय वेदना देणं गुन्हा आहे, आणि केवळ सोडण्यासाठी मासा पकडणं तिथे सबळ कारण मानलं जात नाही. स्वित्झर्लंडनेही 2008 च्या नियमांत सोडून देण्याच्या इराद्याने गळ टाकायला मनाई केली. खायचा असेल तर पकडा, नाहीतर पकडू नका. फ्लोरिडात कायदा नेमका उलटा उभा राहिला. तिथल्या इंडियन रिव्हर लगूनमध्ये 2011 नंतर शेवाळाच्या प्रचंड वाढीने सूर्यप्रकाश अडला आणि सागरी गवताची कुरणं मेली. रेडफिश घटले, म्हणून 2022 मध्ये तिथे रेडफिश ठेवायला बंदी घातली गेली, सोडलाच पाहिजे असा नियम झाला. एकाच कृतीला एकीकडचा कायदा क्रौर्य म्हणतो आणि दुसरीकडचा संवर्धन. युरोपातला कायदा समोरच्या एका माशाकडे बघतो, फ्लोरिडातला साऱ्या जातीकडे.

जातीच्या बाजूचा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही. 1980 च्या दशकात न्यू ऑर्लीन्सचे बल्लवाचार्य पॉल प्रुडोम यांचा मसाला लावून काळा भाजलेला रेडफिश अमेरिकाभर इतका गाजला, की मेक्सिकोच्या आखातातले मोठे, अंडी घालणारे मासे जाळ्यांनी उपसले जाऊ लागले. त्याविरुद्ध उठणाऱ्यांत छंदाने मासे धरणारेच पुढे होते. त्यांनी 1977 मध्येच ह्यूस्टनमध्ये संघटना उभारली होती. टेक्सासने 1981 मध्ये या माशाची विक्री बंद केली, पुढे केंद्र सरकारनेही आपल्या हद्दीतल्या समुद्रात त्याला पकडून ठेवण्यावर बंदी घातली. ज्यांना खेळायला मासा हवा होता त्यांनीच मासा वाचवला. हे ऋण मान्य केलंच पाहिजे. मात्र ते फेडण्याचा भार गळाला लागलेल्या एकेका माशावर टाकणं न्याय्य ठरत नाही. जातीला वेदना होत नाही, होते ती एकट्या माशाला.

स्पॅनिश तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत यांनी 1942 मध्ये शिकारीवर लिहिताना कॅमेऱ्याने केलेल्या शिकारीची कल्पना नाकारली. मरणाची शक्यता काढून घेतली की शिकारच उरत नाही, अशी त्यांची धारणा. निष्कर्ष मान्य नसला तरी त्यांनी बोट नेमक्या जागी ठेवलं आहे. टेक्सासच्या नियमानुसार 20 ते 28 इंच लांबीचे 3 मासे दिवसाला घरी नेता येतात. एक मासा पाहून, पकडून, झटकन मारून रात्री ताटात वाढणारा माणूस मरणाची जबाबदारी स्वतःवर घेतो आणि तिथे थांबतो. दिवसभरात वीस मासे ओढून वीसही सोडणारा स्वतःला अधिक दयाळू समजतो. वरचा आकडा धरला, तर त्याच्या नावावरही एक-दोन मरणं असतात, शिवाय उरलेल्यांची फरफट. दोघांपैकी पहिल्याचं आचरण जास्त समर्थनीय आहे. लहान निघाला म्हणून किंवा कायदा सांगतो म्हणून मासा सोडणं वेगळं, आणि सोडायचंच ठरवून वीसदा गळ टाकणं वेगळं.

थंडीचा कडाका वाढला की प्रश्न आणखी टोकदार होतो. फेब्रुवारी 2021 च्या गोठवणाऱ्या लाटेत टेक्सासच्या किनाऱ्यावर किमान 38 लाख मासे मेल्याचा सरकारी अंदाज आहे. अशा वेळी उथळ पाण्यातले मासे खोल कालव्यांमध्ये दाटीवाटीने आसरा घेतात, हलेनासे होतात आणि नवशिक्यालाही सहज सापडतात. म्हणून तिथलं वन्यजीव खातं अशा जागा तेवढ्यापुरत्या मासेमारीला बंद करू शकतं. बंदी उठल्यावरही पाणी गारच असतं आणि मासे सुस्तच. तेव्हा गळ टाकायचा की नाही हे होडीत उभ्या असलेल्या माणसालाच ठरवावं लागतं. काही अनुभवी वाटाडे एका थव्यातून दोन-तीन मासे घेतले की होडी मागे रेटतात. थवा बिथरू नये, उद्याच्या गिऱ्हाइकासाठी तो तिथेच राहावा, हा त्यामागचा रोकडा हिशेब असतो. बुद्धांच्या मापाने या थांबण्याला फारसं मोल नाही, कारण मनात करुणा नाही. धक्का न लागता उरलेल्या थव्याला मात्र त्या मापाशी काही देणंघेणं नाही. तो ऊन पडलेल्या चिखलावर तसाच चरत असतो, आणि चष्मा लावलेल्या माणसाला तो मागे सरकणाऱ्या होडीतूनही बराच वेळ दिसत राहू शकतो. पाण्यात बघण्यासाठी रॉड लागतच नाही.