परागंदा मालकाचे धान्य

इ. स. १७८१ मध्ये हैदर अलीच्या फौजा कावेरीच्या खोऱ्यात उतरल्या आणि तंजावर प्रांतातील गावेच्या गावे ओस पडली. तमिळ लोकस्मृतीत हा काळ ‘हैदर कलाबम्’ म्हणून उरला आहे. राजधानीचा किल्ला तेवढा शत्रूच्या हाती लागला नाही. पण किल्ल्यात अन्न नव्हते, आणि रस्त्यांवर माणसे मरून पडत होती. विलक्षण गोष्ट ही की, मुलखात धान्याचा तुटवडा नव्हता. भात खेड्यांत पडून होते. ते किल्ल्यात आणायला बैल नव्हते, आणि ज्यांचे बैल होते ते शेतकरी येत नव्हते. तुळजाजी राजांनी फर्माने काढली, मोबदल्याची वचने दिली. कोणी फिरकले नाही. यापूर्वी धान्य आणि बैल देणाऱ्यांचा मोबदला मधल्या दुभाष्यांनी गिळला होता, हे रयत विसरली नव्हती.

तेव्हा तंजावरात राहणाऱ्या श्वार्त्झ या जर्मन धर्मोपदेशकाला मध्ये घालण्यात आले. त्याने पुढे आपल्या पत्रात हा प्रसंग लिहून ठेवला आहे. राजा म्हणाला की, तुमची आणि माझी दोघांचीही पत संपली आहे. आता या माणसावर लोक विश्वास ठेवतात का ते पाहू. श्वार्त्झने शब्द दिला. एक-दोन दिवसांत हजार बैल गोळा झाले आणि अल्पावधीत ऐंशी हजार कलम धान्य किल्ल्यात आले. पापनाशमजवळ तिरुप्पालैत्तुरै येथे नायक राजांच्या काळातील विटांचे गोल कोठार आजही उभे आहे; त्यात सुमारे तीन हजार कलम भात मावत असे. म्हणजे अशी सव्वीसांहून अधिक कोठारे भरतील इतके धान्य एका माणसाच्या शब्दावर हलले. संकट टळल्यावर श्वार्त्झने प्रत्येकाचे पैसे चुकते केले. त्यासाठी दुसऱ्यांचे, आपल्याकडे असलेले पैसेही वापरावे लागले, हे त्याने लपवलेले नाही.

या प्रसंगात एक पर्याय कोणी अवलंबला नाही, आणि नीतिविचाराला खरे आव्हान त्या पर्यायातच आहे. गावे ओस होती. घरांतली लाकडी पत्तायमे आणि खळी राखायला कोणी नव्हते. भुकेलेल्यांनी बाहेर पडून ते धान्य उचलले असते, तर ती चोरी ठरली असती काय?

अलीकडच्या काळात या प्रश्नाला एका वेगळ्याच कल्पनाविश्वात उत्तर मिळते. जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या चित्रपटापासून पडद्यावर मेलेली माणसे उठून चालू लागली, आणि जिवंत उरलेली माणसे रिकाम्या दुकानांतून डबे, औषधे, कपडे वाटेल तसे घेऊ लागली. प्रेक्षकाला त्यात काही खटकत नाही. खटकत नाही याचे कारण उघड आहे: अशा गोष्टींत मालक मेलेला असतो, इतकेच नव्हे तर मरून शत्रू झालेला असतो. त्याचा हक्क संपवण्याची जबाबदारी कथेने आधीच उरकलेली असते. खऱ्या आपत्तीत ही सोय नाही. परागंदा झालेला माणूस जिवंत असतो, कोठेतरी झाडाखाली तोही उपाशी बसलेला असतो, आणि बहुधा तो परत येतो.

भारतीय परंपरेने हा परत येणारा मालक दृष्टीआड केलेला नाही. महाभारताच्या शांतिपर्वात शंख आणि लिखित या दोन भावांची कथा आहे. शंख आश्रमात नसताना लिखिताने त्याच्या झाडाची पिकलेली फळे तोडून खाल्ली. शंख परतल्यावर त्याने विचारले, आणि लिखिताने हसत सांगून टाकले. तरी शंखाने त्याला सुद्युम्न राजाकडे शिक्षा मागायला पाठवले, आणि राजाने त्याचे हात तोडले. पुढे बाहुदा नदीत स्नान केल्यावर ते हात परत आले, असे कथा सांगते. सख्ख्या भावाची फळे, मोकळेपणाने दिलेली कबुली, आणि तरीही दंड! लिखिताजवळ एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे भूक. केवळ मालक घरी नाही, यातून कोणताही अधिकार निपजत नाही, हा या कठोर कथेचा गाभा आहे.

भूक असेल तर? मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सहा वेळचे जेवण चुकलेल्या माणसाला सातव्या वेळी दुसऱ्याचे अन्न घेण्याची मुभा आहे. खळ्यातून, शेतातून, घरातून, जेथे मिळेल तेथून त्याने घ्यावे. मात्र दोन अटी आहेत, आणि त्या मुभेपेक्षा अधिक विचारार्ह आहेत. पहिली, उद्याची तरतूद होईल एवढे घ्यायचे नाही. दुसरी, मालकाने विचारले तर घेतले म्हणून सांगायचे. या ग्रंथाच्या इतर अनेक वचनांशी आजच्या वाचकाचे जमणे शक्य नाही. परंतु या दोन अटींमागे माणसाच्या स्वभावाची मोठी पारख दिसते. भूक आजची असते, भीती उद्याची असते. आणि ओसाड घरात शिरलेला माणूस आत जाताना भुकेचा असला तरी बाहेर पडताना बहुधा भीतीचा झालेला असतो. एक शेर तांदूळ उचलणारा हात दुसऱ्या पोत्याकडे वळतो तो पोटासाठी नव्हे. त्याच वाटेने मागून येणाऱ्या तिसऱ्या उपाशी माणसाचा वाटा त्या दुसऱ्या पोत्यात असतो.

दुसऱ्या अटीचा अर्थ याहून खोल आहे. विचारल्यावर सांगायचे, म्हणजे घेतलेली वस्तू आपली झालेली नाही हे मान्य करायचे. गरजेने हाताला परवानगी दिली; मालकी पुसली नाही. येथे नेहमी एक गल्लत होते. एक पक्ष म्हणतो, चोरी ती चोरी. दुसरा म्हणतो, जीव वाचवताना कसली चोरी, आणि विषय संपवतो. दोघांनाही हिशोब मिटवण्याची घाई असते. वास्तविक दोष आणि ऋण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेकरासाठी परक्याच्या पत्तायमातून भात काढणाऱ्या आईकडे दोष जात नाही. ऋण मात्र राहते. ते फेडण्याची ऐपत तिला कधी येणार नाही, आणि मालकाने ते वसूल करू नये, हे खरे. तरीही ते असते. ज्याने काही गमावले त्याच्या गमावण्याला मग निदान एक नाव मिळते.

आपद्धर्माची सर्वांत प्रसिद्ध कथा विश्वामित्राची. बारा वर्षांच्या अवर्षणात तो चांडाळाच्या झोपडीत रात्री शिरतो आणि कुत्र्याच्या मांसाला हात घालतो. चांडाळ जागा होतो, आणि दोघांत दीर्घ वाद झडतो. या वादाची चर्चा आजवर प्राणरक्षण श्रेष्ठ की आचार श्रेष्ठ, या अंगाने झाली. पण त्यात एक विधान असे आहे की, त्यावर थांबल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. आपत्तीत प्रथम हीनाकडून घ्यावे, नंतर समानाकडून, आणि तेही न जमल्यास श्रेष्ठाकडून, असा क्रम विश्वामित्राच्या तोंडी येतो. मनूनेही हीनकर्म्याचेच घर दाखवले आहे. हा क्रम धर्माचा नसून सोयीचा आहे. ज्याच्याजवळ सर्वांत कमी, त्याचेच दार सर्वांत आधी उघडायचे, कारण त्याच्या दाराला कडी नसते! न्यायाची दृष्टी ठेवली तर क्रम नेमका उलटा लागायला हवा: आधी राजाचे कोठार, मग सावकाराचे पेव, आणि अगदी शेवटी झोपडी.

मराठी संतपरंपरेने हा उलटा क्रम एका कथेत सांभाळला आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाच्या मालकीची कोठारे उपाशी लोकांसाठी खुली केली. पंत मालक नव्हते, राखणदार होते. म्हणून हा दुसऱ्याच्या धान्याचाच प्रश्न होता. कथेचा उत्तरार्ध भाविकांना प्रिय आहे तो चमत्कारासाठी: विठ्ठल विठू महार होऊन बेदरला जातो आणि बादशहाचा पैसा भरून पावती आणतो. विचार करणाऱ्याला मात्र त्यात वेगळेच काही दिसावे. भक्तासाठी देवाला धावून येणे भाग पडले, आणि आल्यावर देवाने बादशहाचे मन पालटले नाही, हिशोब चुकता केला. लोककथेलाही धान्य फुकट झाले असे म्हणवले नाही.

मालक नाही, असे ठरवतो कोण, हाही प्रश्न उरतोच. आणि त्याचे तिखट उदाहरण पुन्हा तंजावरच देते. दुसरे शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्राविना वारले. कंपनी सरकारने राज्य खालसा केले आणि १८५६ मध्ये रेसिडेंट फोर्ब्स याने राजवाड्याला मोहोरा लावून जडजवाहीर, जमिनी, ग्रंथ, सारे ताब्यात घेतले. घर ओस नव्हते. राण्या आणि मुली आत होत्या. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेबांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला: ही राज्यसत्तेची कृती आहे, ती न्याय्य असो वा अन्याय्य, तिचा विचार करण्याचा अधिकार न्यायालयाला नाही. १८६२ मध्ये सरकारने जमिनी कुटुंबाकडे सोडल्या, त्या हक्क मानून नव्हे, कृपा म्हणून. उपाशी माणूस ओसाड घरात शिरताना निदान दचकतो. येथे भूक नव्हती, उद्याची भ्रांत नव्हती. जिवंत वारस समोर असताना घर बेवारस ठरवण्याचे सामर्थ्य तेवढे होते. मनूने तर नष्टस्वामिक धनही राजाने तीन वर्षे राखून मालकाची वाट पाहावी असे सांगितले आहे.

हीच वृत्ती लहान प्रमाणात १८९७ च्या पुण्यातही दिसली. प्लेगच्या भयाने लोक घरे सोडून बाहेर झोपड्यांत राहू लागले, आणि तपासणीसाठी घरांत शिरणाऱ्या गोऱ्या सैनिकांविरुद्ध वस्तू नेल्याच्या तक्रारी झाल्या. रोगाला घाबरून दार उघडे टाकणाऱ्याने आपली भांडीकुंडीही टाकली, असा अर्थ काढणे शिरणाऱ्याला फार सोपे जाते.

एक अडचण मात्र या साऱ्या विवेचनाला पुरून उरते. मालक खरोखरच परतला नाही, त्याचे कुळही उरले नाही, तर ऋण कोणाचे? तंजावरच्या भोसल्यांनी रामेश्वराच्या वाटेवर अन्नछत्रे उभारली. ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र सरफोजीराजांनी १८०२ मध्ये बांधले. तेथे येणाऱ्याला त्याचे कुळ वा पुण्य न विचारता अन्न मिळे. ज्याची परतफेड मूळ धन्याला करता येत नाही ते पुढच्या भुकेल्याला द्यावे, अशी एक वाट त्यातून सुचते. पण ही वाटही सरळ नाही, कारण राजाचे दान ज्या भातातून निघते ते कोणाच्या तरी खळ्यावरूनच आलेले असते, आणि त्या वेळी त्याला कोणी विचारलेले असतेच असे नाही.

विश्वामित्राने मांस शिजवले, देवांचा भाग आधी काढला, आणि पाऊस पडला. त्याच्या तपाने त्याचे पाप जळाल्याचेही महाभारत नोंदवते. त्या रात्रीनंतर चांडाळाच्या झोपडीत काय शिजले, हे मात्र तेथे लिहिलेले नाही.