सापडलेल्या वस्तूचं पुढे काय?

'अटोचा' हे स्पॅनिश गलबत 1622 मध्ये फ्लोरिडाजवळ बुडालं. मेल फिशर नावाच्या माणसाने ते शोधण्यात 16 वर्षं घालवली. 1975 मध्ये मोहिमेची बोट उलटून त्याचा मुलगा आणि सून दगावली. 20 जुलै 1985 रोजी चांदीच्या विटांचा ढीग हाती लागला, तोवर सारा गाडा गुंतवणूकदारांच्या पैशावर चालला होता. तेव्हा बुडीत धनामागे लागलेल्याला धन सापडणं भागच होतं.

आता ती गरज उरलेली नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, कोलंबस शहरी, चॅटाहूची नदीवरचे जुने बंधारे फोडून 2013 साली राफ्टिंगची वाट खुली झाली. तराफा उलटला की माणसं हसत वर येतात. मोबाइल, गॉगल, गोप्रो कॅमेरे मात्र तळ गाठतात. तिथल्या जेक कोलर या तरुणाने हौसेने बुड्या मारून ते वर काढले, व्हिडिओ यूट्यूबवर टाकले आणि लाखो प्रेक्षकांच्या जिवावर हौसेचाच धंदा केला.

भिजलेल्या मोबाइलला बाजारात कोण विचारतो? कमाई जाहिरातींची, लांब व्हिडिओंवरच्या जाहिरात-उत्पन्नातले 55 टक्के यूट्यूब निर्मात्याला देतं. नाशिकला गोदावरीत दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढणारी पोरंही याच जातीचं काम करतात, पण त्यांच्या पदरी नाण्याएवढंच पडतं. कॅमेऱ्यापुढे गंजकी सायकलसुद्धा त्याहून महाग ठरते, कारण इथे विकायला असते ती 'आता काय निघेल' ही उत्सुकता.

गोम इथेच आहे. नदीचं पाणी गढूळ. हातभर पलीकडचं दिसत नाही. तासन्‌तास चिखल चाचपावा तेव्हा बिअरचा डबा नाहीतर गळाचं शिसं हाती येतं. तो सगळा वेळ संकलनात उडतो आणि प्रेक्षकाला वाटतं, नदीत पावलोपावली घबाड आहे. त्याची भूक वाढली की दर आठवड्याला काहीतरी निघायलाच हवं. मग आपणच टाकलेलं आपणच 'शोधण्याचा' मोह किती लांब राहणार?

तरीही या धंद्याला सरसकट नावं ठेवणं बरं नव्हे. 2019 मध्ये मायकेल बेनेट या यूट्यूबरला दक्षिण कॅरोलायनातल्या एडिस्टो नदीत जलरोधक पिशवीतला आयफोन सापडला. वर्षाहून अधिक काळ पाण्यात राहूनही तो चालू झाला. पासवर्ड ठाऊक नव्हता, म्हणून त्याने सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून मालकीण शोधली. त्या फोनमध्ये तिच्या दिवंगत वडिलांचे मेसेज होते. 2021 मध्ये जेरेमी साइड्स या पाणबुड्या यूट्यूबरला टेनेसीतल्या काफकिलर नदीत एक मोटार सापडली आणि 2000 सालापासून बेपत्ता असलेल्या दोघा तरुणांच्या घरच्यांची 21 वर्षांची अनिश्चितता संपली. फोन मालकिणीकडे गेला, गाडी पोलिसांकडे. अशा शोधाला व्हिडिओबाहेरचा साक्षीदार असतो, त्यामुळे तिथे बनवाबनवीला फारशी जागा नाही.

कुणाच्या दुःखावर व्ह्यूज मिळवण्याचा प्रश्न इथेही उरतोच. पण छंदाची रोजीरोटी करण्यात गैर काही नाही. असा व्हिडिओ बघताना काय सापडलं एवढ्यावर थांबू नका. ते कुणाच्या हाती परत गेलं, हेही पाहा. त्याचा पत्ताच लागत नसेल, तर सबस्क्राइबचं बटण दाबायची घाई करू नका.