अर्धी राहिलेली गोधडी

हाती घेतलेले काम अर्धे टाकून देणे ही चूक आहे का? असेल, तर ती कोणाविरुद्धची चूक? वर्षानुवर्षे पडून राहिलेले काम पुन्हा हाती घ्यावे, की त्यातून स्वतःला मोकळे करावे? मोठमोठ्या कामांच्या बाबतीत हे प्रश्न नेहमी विचारले जातात. आज आम्ही ते एका साध्या घरगुती वस्तूच्या बाबतीत विचारणार आहोत. ती वस्तू म्हणजे गोधडी. आपल्यापैकी कित्येकांच्या तोंडी तिचे नाव वाकळ.

आपल्या बीड जिल्ह्यात अर्ध्या राहिलेल्या गोधडीचे गाठोडे नसलेले घर शोधावे लागेल. माळ्यावर, पेटीत, कणगीच्या मागे ते असते. आत धुऊन घडी घातलेली जुनी लुगडी, धोतराचे पान, शर्टांचे तुकडे, कच्चे टाके घातलेला एक कोपरा आणि त्यात खोचून ठेवलेली, आता गंज चढलेली सुई. कोणी लेकीच्या लग्नासाठी गोधडी शिवायला घेतलेली असते आणि त्या लेकीची लेक आता शाळेत जाते. कोणी नातवासाठी दुपटे घेतलेले असते आणि नातवाला मिसरूड फुटलेले असते. विचारले तर उत्तर ठरलेले : "बघू, सवड झाली की."

ज्यांनी कधी गोधडी शिवली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. अंगणात किंवा ओसरीत लुगडे ताणून अंथरतात, कोपऱ्यांवर दगड ठेवतात, त्यावर कापडांचे थर लावतात आणि ते सरकू नयेत म्हणून आधी लांब लांब कच्चे टाके घालतात. मग कडेपासून आत, ओळीला ओळ लावून धावदोरा चालतो. हाताने शिवायची तर एकटीला कित्येक आठवडे लागतात. सगळी मदार त्या टाक्यांवर असते. टाके दाट पडले की थर एकमेकांना धरून राहतात. टाके नसतील तर आतले कापड एका बाजूला गोळा होते. म्हणून अर्धी गोधडी ही मोठी अवघड अवस्था आहे. लुगडे आत गेले, ते आता नेसता येत नाही. आणि पांघरताही येत नाही. अर्ध्या भाकरीने अर्धी भूक तरी भागते. अर्ध्या गोधडीने अर्धी थंडी जात नाही.

ती अर्धी का राहते? आळसाने, असे म्हणणे सोपे आहे. पण म्हणण्यापूर्वी आपल्याकडच्या बाईचे वर्ष एकदा मांडून पाहावे. दसरा-दिवाळी झाली की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी सातारा-पुण्याकडे, कोणी थेट कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. पहाटे अंधारात उठून भाकरी थापायच्या, फडात जायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. वाहन रात्री आले तर रात्री भरायच्या. कोपीत परतल्यावर पाणी, सरपण, चूल आणि लेकरे. गावाकडे परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. 2021-22 च्या हंगामात राज्यात ऊस इतका झाला की गाळप जूनपर्यंत लांबले. शेवटपर्यंत थांबलेल्यांना त्या वर्षी गावातला उन्हाळा मिळालाच नाही. एरवीही मे महिन्यात लग्ने असतात, पाण्याच्या खेपा असतात. मृग लागला की पेरणी, मग खुरपणी, आणि बघता बघता पुन्हा दसरा. जी ऊसतोडीला जात नाही तिच्यामागे कापसाची वेचणी, जनावरे आणि घरातली म्हातारी माणसे असतातच.

या साऱ्या कामांत आणि गोधडीत एक फरक आहे. मुकादमाने दिलेली उचल वहीत लिहिलेली असते. ती फिटेपर्यंत कोयता थांबत नाही. कारखान्याला भोंगा आहे, पेरणीला नक्षत्र आहे, भुकेल्या लेकराला आवाज आहे. गोधडीला यांतले काहीच नाही. ती हाक मारत नाही, व्याज लावत नाही, दारात येऊन बसत नाही. म्हणून ती रांगेत शेवटी उभी राहते आणि तिची पाळी येण्याआधी दिवस मावळतो. बाईने स्वतःच्या मनाने हाती घेतलेल्या बहुतेक कामांचे असेच होते.

लूकच्या शुभवर्तमानात बुरूज बांधणाऱ्याचा दाखला आहे. बांधायला घेण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, नाहीतर पाया घालून थांबावे लागते आणि बघणारे हसतात, असा त्याचा आशय. दाखला खरे तर शिष्यत्वाची किंमत सांगणारा. पण कोणाचे अर्धे काम दिसले की आपण तो चटकन दुसऱ्याला ऐकवतो. हिशेब करायला आधी बसता यावे लागते, हे आपण विसरतो. ज्याचा वेळ त्याच्या हातात आहे त्याला 'आधी मोज, मग सुरू कर' असे सांगणे योग्यच. पण जिचा उद्याचा दिवस मुकादम ठरवतो, पाऊस ठरवतो, पाण्याचा टँकर ठरवतो, तिने काय मोजायचे? सगळे मोजून मगच सुरुवात करायची म्हटली तर ती कधीच काही सुरू करणार नाही. अशा घरात गोधडी शिवायला घेणे हीच आशेची खूण आहे. पुढच्या थंडीत आपले माणूस असेल आणि त्याला ऊब लागेल, एवढे तिने धरून चाललेले असते.

मग सगळे माफ? तसेही आम्हाला म्हणायचे नाही. गोधडी बहुधा कोणासाठी तरी असते. मनातल्या मायेने कोणाचे पाय झाकले जात नाहीत. सासरी गेलेली लेक बोलून दाखवत नाही, पण आईने आपल्यासाठी कोणते लुगडे बाजूला काढले होते ते तिच्या लक्षात असते. दिलेला शब्द कामाच्या ओझ्याखाली दबतो. तो नाहीसा होत नाही.

म्हणजे बाईला दोष देता येत नाही आणि शब्द तर उरतोच. या दोहोंचा मेळ कसा घालायचा? आम्हाला वाटते, ही थकबाकी आहे खरी, पण ती एकट्या बाईच्या नावावर मांडू नये. घराच्या नावावर मांडावी. ज्या तासाला तिचे टाके पडायचे, तो तास वाया गेला नाही. तो कोणीतरी वापरला. त्या तासात आपल्याला गरम भाकरी मिळाली, आपला डबा भरला गेला, आपला सदरा धुतला गेला. तास सर्वांनी वापरला असेल तर फेडही सर्वांनी मिळून करावी.

कोणी म्हणेल, एवढा विचार कशाला? पानिपतची ब्लँकेटे बाजारात स्वस्त मिळतात. मिळतात, आणि ती घेण्यात काही वाईट नाही. थंडीने कुडकुडणाऱ्या लेकराला आधी ब्लँकेट द्यावे, गोधडीची वाट बघायला लावू नये. पण केवळ ऊब एवढाच हेतू असता तर बायकांनी रंग जुळवत बसण्याचे कारण नव्हते. कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूर भागात सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि कॅथलिकही आहेत. त्यांच्या बायका शिवतात त्या गोधडीला कवंद म्हणतात. शेवटी तिच्या चारही कोपऱ्यांवर कापडाचे छोटे त्रिकोण एकावर एक शिवतात. त्यांना त्या फुले म्हणतात, आणि फुलांवाचून कवंद उघडी दिसते असे सांगतात. त्या फुलांनी ऊब काही वाढत नाही. तरीही तेवढे झाल्याशिवाय काम पुरे झाले असे त्या मानत नाहीत. आपल्या हातचे काम आपल्या मनासारखे पुरे करण्याचा हक्क गरीब बाईलाही आहे. ब्लँकेट विकत आणून तो हक्क भागत नाही.

तेव्हा गाठोडे घरातल्या सर्वांसमोर सोडावे आणि प्रत्येक कामाबद्दल काहीतरी एक ठरवावे. आम्हाला तीन वाटा दिसतात.

पहिली वाट पुरे करण्याची. जिच्यासाठी गोधडी घेतली ते माणूस आहे, कापडात जीव आहे आणि शिवणारीची इच्छा आहे, तर ती पुरी करावी. कापड दोन्ही हातांनी ओढून बघावे. विरलेले असेल ते काढून टाकावे. गंजलेली सुई फेकून नवी घ्यावी, नाहीतर कापडाला डाग पडतात. आणि एकदम सगळे उरकण्याचा हट्ट सोडावा. आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी जपून ठेवलेली आहे. दासोपंतांचा काळ 1551 ते 1615. त्यांनी 'पंचीकरण' हा ग्रंथ सुमारे 40 फूट लांबीच्या जाड सुती कापडावर लिहून काढला. एवढे कापड एका बैठकीत भरत नाही. ओळीखाली ओळ अशीच ते भरत जाते. गोधडीचेही तसेच आहे. रोज चार बोटे रुंदीचे टाके पडले तरी काम पुढे सरकते.

दुसरी वाट दुसऱ्याच्या हाती देण्याची. डोळ्यांत मोतीबिंदू आला, गुडघ्यांमुळे खाली बसता येईना, किंवा शिवणारीच देवाघरी गेली, तर तिचे काम कोणी पुढे न्यावे? अमेरिकेत 2022 मध्ये जेनिफर सिमोनिक आणि मेसी कॅप्लन या दोन मैत्रिणींनी यासाठी 'लूज एंड्स' नावाचा उपक्रम सुरू केला. मृत्यूमुळे किंवा अपंगत्वामुळे कोणाचे विणकाम, शिवणकाम अर्धे राहिले असेल, तर स्वयंसेवक ते मजुरी न घेता पुरे करून त्या घरी परत देतात. आपल्याला यात नवल वाटू नये. दुपारच्या वेळी शेजारणींनी येऊन गोधडीची एकेक बाजू धरावी, ही आपल्या गावांतलीच रीत. ती विसरली असेल तर पुन्हा सुरू करता येईल. मात्र एक पथ्य पाळावे. आईचे टाके वाकडे होते म्हणून ते उसवून सगळीकडे आपले सारखे टाके घालू नयेत. तिचा हात कुठे थांबला आणि आपला कुठून सुरू झाला ते दिसू द्यावे. गल्लीत येणाऱ्या मशीनवाल्याकडून उरलेला भाग शिवून घ्यायचा असेल तर जिने सुरुवात केली तिला आधी विचारावे.

तिसरी वाट सोडून देण्याची. कापड कुजले आहे, जिच्यासाठी घेतली ती राहिली नाही, किंवा शिवणारीलाच आता ते काम नको आहे. मग कच्चे टाके उसवावे, धड कापडाचे दुपटे किंवा बसकर करावे आणि बाकीचे पुसायला घ्यावे. यात हार नाही. विचार करून सोडलेले काम मनावर ओझे ठेवत नाही. ओझे होते ते "बघू" या शब्दाचे, कारण त्यात होकार नसतो आणि नकारही नसतो. फक्त हा निर्णय तिचा तिने घ्यावा. घर आवरताना आपण परस्पर गाठोडे बाहेर टाकू नये.

या तिन्ही वाटांना एक गोष्ट लागते, ती म्हणजे वेळ. तो बाजारात मिळत नाही; घरातल्या माणसांनी आपल्यातून काढून द्यावा लागतो. रात्रीची भांडी मुलाने घासली, पाण्याच्या दोन खेपा नवऱ्याने केल्या, नातीने आजीला चार सुयांत दोरा ओवून ठेवला, तर रोजचा अर्धा तास निघतो. गोधडीत आपला हात लागला असे म्हणायला सुई धरता यायलाच हवी असे नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत यापो गावच्या टबीथाची हकिकत येते. तिला दुर्कस असेही म्हणत. ती वारल्यावर विधवा स्त्रिया रडत पेत्राभोवती जमल्या आणि तिने त्यांच्यासाठी केलेली वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. तिचे मोठेपण सांगायला त्या बायकांजवळ भाषण नव्हते, शिवलेले कपडे होते. पुढे ती पुन्हा जिवंत झाली तेव्हा पेत्राने तिला त्या सर्वांच्या हवाली केले. तिच्या हातचे आणखी काय शिवायचे राहिले होते ते तिथे लिहिलेले नाही. काहीतरी राहिलेच असेल. कोणत्याही शिवणारीचे राहते.

या आठवड्यात घरातल्या बाईला एवढेच विचारावे : तुझे काय अर्धे राहिले आहे? ती सांगेल तेव्हा "मग पुरे कर की" असे म्हणू नये. तिच्या हातात त्या घडीला जे दुसरे काम असेल, ते आपल्या हाती घ्यावे.