यंत्राला वाचा फुटली आहे



आपल्या परंपरेने वाणीच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी. नाभीच्या ठायी जे पहिले स्फुरण उठते ती परा आणि जिभेवर येऊन दुसऱ्याच्या कानी पडते ती वैखरी. आज संगणकाला ही चौथी वाणी लाभली आहे. आपण मोबाइलला मराठीत प्रश्न विचारतो आणि तो मराठीत उत्तर देतो. हे पाहून काही जण हरखून जातात, तर काही जण कलियुगाचे लक्षण म्हणून तोंड फिरवतात. साधकाने दोन्ही करू नये. ही शक्ती कोणाच्या उपयोगी पडेल, हे त्याने आधी पाहावे.

२०११च्या जनगणनेत इंग्रजी ही आपली मातृभाषा असे सांगणारे देशभरात तीन लाखांहूनही कमी होते. मराठी सांगणारे आठ कोटींवर होते. तरीही राज्यघटनेच्या ३४८व्या कलमानुसार सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. ज्याच्या शेतजमिनीचा निकाल लागला, त्यालाच तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो. या न्यायालयाने २०१९मध्ये ‘सुवास’ ही भाषांतर करणारी संगणक प्रणाली आणली आणि आता अनेक निकाल मराठीतही वाचता येतात. २०२२मध्ये केंद्र सरकारने ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. बोललेले ओळखणे, त्याचे भाषांतर करणे आणि ते पुन्हा आवाजात ऐकवणे, ही तिन्ही कामे भारतीय भाषांसाठी व्हावीत, हा त्याचा हेतू आहे. ज्याला लिहिता-वाचता येत नाही, तोही उद्या स्वतःच्या बोलीत बँकेचे, दवाखान्याचे, कचेरीचे काम करू शकेल. मध्यस्थाची मिनतवारी टळेल. भुकेल्याला अन्न देणे ही जशी सेवा, तशीच मुक्याला वाचा देणे हीही सेवाच नव्हे काय?

पण हे यंत्र बोलते म्हणजे नेमके काय करते? त्याला दोन भाषांतील असंख्य वाक्यांच्या जोड्या दाखवलेल्या असतात. त्यांवरून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येणे अधिक संभवनीय, याचे ते गणित मांडते. गणित बहुतेक वेळा बरोबर येते. परंतु बोलण्यामागे जो भाव असतो, ज्याच्यासाठी बोलायचे त्याच्याविषयी जी कळकळ असते, ती या गणितात कुठे आहे? वैखरी आहे, तिच्या मागच्या तिन्ही वाणी नाहीत. त्या आपल्याला पुरवाव्या लागतात.

हिंदीतून मराठीत प्रवचने आणण्याची सेवा करणाऱ्यांना हे रोज जाणवते. हिंदीत ‘सबको शिक्षा मिलनी चाहिए’ हा आशीर्वाद आहे. तोच शब्द मराठीत जसाच्या तसा उतरला, तर सगळ्यांना छड्या बसतील! हिंदीतली ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे ती थट्टा होते. अशा चुकांना हसून सोडता येते. पण हिंदीत ‘कल’ म्हणजे काल आणि उद्याही. एखाद्या आजीला ‘ही गोळी कल से बंद’ असे सांगितले असेल आणि मराठीत ‘कालपासून’ उतरले, तर? वाक्य स्वच्छ असेल, व्याकरण बिनचूक असेल, आणि ती आजची गोळी घेणार नाही.

आम्हा कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट लवकर शिकवली जाते: तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा ठरला असे नाही. एकाच्या खात्याची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर चढली, तरी दोन्ही बाजूंची बेरीज सारखीच येते. ज्याची रक्कम चुकीच्या जागी गेली, त्याचे नुकसान मात्र होतेच. यंत्राच्या वाक्याचेही असेच आहे. ते जुळलेले असते. खरे आहे की नाही, हे पाहायला माणूस लागतो. ‘सुवास’च्या भाषांतरांबाबतही न्यायालयाचा दंडक हाच आहे: भाषांतर पक्षकाराला समजण्यापुरते, प्रमाण मानायचा तो इंग्रजी निकालच.

नाथ महाराजांनी नेमके हेच काम केले होते. ज्ञानेश्वर माउलींनी गीतेचा अर्थ मराठीत आणल्याला जवळजवळ तीनशे वर्षे लोटली होती. हातोहात नकला होत गेल्या आणि पाठांत अशुद्धे शिरली. शके १५०६मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्यांनी नकला करणाऱ्यांना दोष देत वेळ घालवला नाही. माउलींची वाणी लोकांपर्यंत निर्मळ पोहोचावी, एवढ्यासाठी शब्दाशब्दापाशी बसले. यंत्र हाही आजचा एक नकलकारच आहे, फार वेगवान आणि न थकणारा. मग शुद्धी करणारे किती हवेत?

आणखी एक चिंता आहे, आणि मला ती सर्वांत मोठी वाटते. ज्या भाषेत लिहिलेले थोडे, तिथे यंत्राला शिकायलाही थोडेच मिळते. मेळघाटातील कोरकू मराठीच्या कुळातली नाही, ती मुंडा कुळातली आहे. सात लाखांहून अधिक लोकांची ती मातृभाषा, पण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. गोंडी बोलणारे जवळजवळ तीस लाख, तरी तीही बाहेरच. उद्याच्या समाजात दवाखान्याचे दार बोलण्याने उघडणार असेल आणि ते दार एखाद्या आईची भाषाच ओळखत नसेल, तर नव्या काळात ती आजच्यापेक्षाही एकटी पडेल. समदृष्टीची आपली साधना इथे कसाला लागते.

आपल्या हाती असलेले एक काम सांगतो. भाषिणीच्या संकेतस्थळावर ‘भाषादान’ नावाचा विभाग आहे. ‘बोलो इंडिया’मध्ये समोर आलेले वाक्य आपल्या आवाजात वाचायचे, ‘सुनो इंडिया’मध्ये ऐकलेले लिहून द्यायचे, ‘लिखो इंडिया’मध्ये भाषांतर करायचे. इतरांनी दिलेले तपासताही येते. साप्ताहिक सत्संगानंतर दहा मिनिटे यासाठी काढता येतील. इंदूर, बडोदा, बेळगाव इथल्या मराठी परिजनांनी तर आवर्जून बसावे, कारण त्यांच्या मराठीचा हेल वेगळा आहे. घरातल्या आजी-आजोबांनाही शेजारी बसवा. त्यांचे उच्चार सुधारायला जाऊ नका. ते जसे बोलतात तसेच यंत्राला ऐकू द्या.