मंत्री जातो, मास्तर राहतो

शिक्षणमंत्र्याची कारकीर्द आपण खुर्चीच्या वर्षांत मोजतो. अमुक साली शपथ घेतली, तमुक साली सरकार गेलं, संपलं. कर्नाटकाच्या सीमेवरच्या, आळंदकडच्या आमच्या मादन हिप्परग्यासारख्या गावात बसून पाहिलं की हे माप अपुरं वाटतं. पंचविसाव्या वर्षी नेमलेला मास्तर साठाव्या वर्षी निवृत्त होतो. पस्तीस वर्षं दर जूनमध्ये नवी पोरं त्याच्यापुढे येऊन बसतात, आणि शेवटी शेवटी पहिल्या पोरांची पोरंही येतात. मंत्र्याच्या एका सहीचं आयुष्य एवढं लांब असतं.

कर्नाटकात या मापाला उतरलेलं एक नाव आहे, एच. जी. गोविंदेगौडा. मलनाडातल्या शृंगेरी मतदारसंघाचे आमदार. 1994 च्या डिसेंबरात जनता दलाचं सरकार आलं आणि प्राथमिक व माध्यमिक शिक्षण खातं त्यांच्याकडे आलं. मुख्यमंत्री देवेगौडा दिल्लीला गेले, जे. एच. पटेल आले, तरी खातं गोविंदेगौडांकडेच राहिलं. त्या काळात राज्यात सुमारे एक लाख प्राथमिक शिक्षकांची भरती झाली, आणि ती गुणवत्तेवर झाली. पैसे न देता, कुणाची चिठ्ठी न नेता नोकरी लागली, असं सांगणारे मास्तर आजही भेटतात. 2016 साली गोविंदेगौडा वारले तेव्हा लोकांना आधी आठवली ती ही भरतीच.

पैसे घेऊन दिलेल्या कंत्राटातला रस्ता दोन पावसाळ्यांत उखडतो, लोक बोंब मारतात, पुन्हा डांबर पडतं. पैसे घेऊन नेमलेला मास्तर मात्र उखडत नाही. तो पस्तीस वर्षं वर्गात बसून राहतो, आणि सहा वर्षांच्या पोराला बोंब मारता येत नाही. म्हणून शिक्षण खात्यात प्रामाणिक भरतीपेक्षा मोठं काम मला दिसत नाही. अभ्यासक्रम, गणवेश, सायकली यांचं मोल आहेच. पण ते सगळं ज्याच्या हातून पोरापर्यंत पोचायचं, तो माणूस आधी नीट निवडलेला हवा.

आणि मास्तर कसा निवडला हे ज्याला विचारता येईल असा निवडून आलेला कुणीतरी असणं, हीसुद्धा आमच्या भागात फार जुनी गोष्ट नाही. निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण उर्दूतून होतं आणि शिक्षण खातं रयतेला उत्तर द्यायला बांधलेलं नव्हतं. दाद मागायची कुणाकडे? मग लोकांनीच शाळा काढल्या. 1921 साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. ते हिप्परगा धाराशिव जिल्ह्यातलं, लोहाऱ्याकडचं. नाव एकच म्हणून पुष्कळांची गल्लत होते. त्या शाळेत पुढे स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामानंतर 1952 च्या पहिल्या निवडणुकीत हेच मास्तर गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले. आमच्या जिल्ह्याने पहिल्यांदा मत दिलं आणि शिक्षक निवडून आणला, याचा मला अभिमान वाटतो.

1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्य वाटलं गेलं. शेजारचा उमरगा मुंबई राज्यात गेला, आळंद म्हैसूरला. एकाच निजामी शाळाखात्यातली पोरं दोन शिक्षणमंत्र्यांची झाली. तिकडे 1959 मध्ये बाळासाहेब देसाईंनी आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या पोरांची फी माफ केली आणि शेतकऱ्यांच्या कितीतरी घरांत पहिला शिकलेला माणूस त्या सवलतीवर तयार झाला. देसाई शिक्षण खात्यात 1957 ते 1960 एवढेच होते. पण तो निर्णय सीमेपलीकडचा. आळंदच्या पोरांची भिस्त बंगळूरवर.

त्याच 1956 साली सातव्या दुरुस्तीने घटनेत 350 (अ) कलम आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या पुरेशा सोयी राज्याने कराव्यात, असं ते सांगतं. पुरेशी सोय म्हणजे काय, ते सीमाभागातल्या एकशिक्षकी मराठी शाळेत गेलं की कळतं. फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ. डावीकडे पहिलीची मुळाक्षरं, उजवीकडे तिसरीची वजाबाकी. मास्तर पहिलीतल्या पोराचा हात धरून 'ळ' गिरवून घेतो तेव्हा तिसरीची पोरं त्याची वाट बघत बसतात, आणि तेवढ्यात बिसिऊटाची, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाची, ताटं मोजायला हाक येते. घरात मराठी, बाजारात कन्नड. पोराला दोन्ही यायला हवं आणि येतंही. पण पहिलं अक्षर त्याला कळणाऱ्या भाषेत पडायला मराठी वाचणारा, मराठी बोलणारा मास्तर लागतो. उत्तम कन्नड शिक्षक पाठवून ती जागा भरत नाही. मराठी मास्तर निवृत्त होतो, जागा रिकामी राहते, वर्षभरासाठी अतिथी शिक्षक येतो, पट घसरतो, आणि मग कमी पटाची शाळा म्हणून कागद वर जातो. शाळा बंद करायला कुणाला हुकूम काढावा लागत नाही. भरती न करणं पुरतं.

गोविंदेगौडांच्या भरतीतले तरुण आता पन्नाशी ओलांडून निवृत्तीकडे निघालेत. शृंगेरीच्या मतदारांनी निवडून दिलेल्या माणसाचं काम राज्याच्या या टोकाच्या फळ्यापर्यंत पोचलं. आमचं मत त्यात नव्हतं, पण पोरं आमचीही होती. पुढच्या वेळी मत मागायला कुणी दारात आलं, तर त्याला एवढंच विचारा: आमच्या शाळेत मराठी मास्तरांच्या मंजूर जागा किती, आणि त्यातल्या भरलेल्या किती?