युक्त म्हणजे नेमकं किती?

आजचं चिंतन गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या सतराव्या श्लोकावर. ज्याचं खाणं-फिरणं, काम, झोप, जागरण सगळं 'युक्त' असतं, त्याचा योग दुःख दूर करतो, असं भगवंत सांगतात. युक्त म्हणजे बेताचं. पण हा बेत ठरवायचा कसा?

धाराशिवच्या आमच्या एका काकांना पार्किन्सन आहे. हात इतका थरथरायचा, की देवापुढे निरांजन धरणंच त्यांनी सोडलं होतं. गोळ्यांचा असर लवकर उतरायला लागला, तेव्हा डीबीएसचं ऑपरेशन झालं. मेंदूत खोलवर बारीक तारा, कानामागून कातडीखालून खाली आणलेली वायर आणि छातीत पेसमेकरसारखं बॅटरीचं यंत्र. १९८७ साली फ्रान्समधल्या ग्रेनोबलला डॉ. बेनाबिद यांनी या उपचाराची आजची वाट उघडली.

तेरच्या गोरोबाकाकांना पंढरीच्या कीर्तनात गेलेले हात परत मिळाले, ही कथा आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. काकांना वाटलं, आपलंही तसंच होणार. मशीन सुरू झालं की क्षणात सगळं बरं!

तसं झालं नाही. करंट कमी असला की हात हलायचा. वाढवला की हात शांत, पण जीभ जड. एकदा काका रडले. म्हणाले, "हात दिला, पण नाम काढून घेतलं."

तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, गोरोबाकाका कुंभार होते. मडकं काय एका थापटीत घडतं? आतून हात द्यायचा, बाहेरून बेतानं थापटायचं. जोर जास्त झाला तर फुटतं, कमी पडला तर आकार येत नाही."

पुढच्या तपासणीत काकांनीच डॉक्टरांना सांगितलं, "हात थोडा हलला तरी चालेल. नाम स्पष्ट यायला पाहिजे." कित्येक महिने करंट आणि गोळ्या जुळवत जुळवत तो बेत सापडला.

आजार गेलेला नाही, बॅटरीही कधीतरी बदलावी लागेल. मेटल डिटेक्टर दिसला की काका आधी कार्ड दाखवतात. पण संध्याकाळी निरांजन पुन्हा त्यांच्या हातात असतं. ज्योत जराशी हलते. आरतीचे शब्द मात्र स्वच्छ ऐकू येतात.

मित्रांनो, आपल्याला सगळंच पूर्ण हवं असतं. कशासाठी जगायचं हे एकदा ठरलं, की काय थोडं कमी चालेल तेही कळतं. युक्त ते हेच.

आजचा प्रश्न स्वतःला: माझ्या आयुष्यात काय हललं तरी चालेल, आणि काय स्पष्ट राहायलाच हवं?

राम कृष्ण हरी!