लहान रुळांवरची सृष्टी आणि तिच्या पाट्या

मॉडेल रेल्वेचा लेआउट चालायला रूळ, इंजिन आणि वीज एवढे पुरते. गाडी सुटते, वळते, थांबते. फलाटाच्या कठड्याला टेकवलेली सायकल, पाण्याच्या टाकीखालचा ओला डाग, भिंतीवरची रंग उडालेली जाहिरात, रुळांशेजारचा शिट्टीचा फलक यांतले काहीही गाडीला लागत नाही. तरी या छंदातल्या जाणत्यांची बहुतेक वर्षे याच कामात जातात. हे तपशील कशासाठी, हा प्रश्न वरवर कारागिरीचा वाटतो. नीट पाहिले तर तो ज्ञानमीमांसेचा आहे, आणि थोडा ताणला की ईश्वर आणि सृष्टी यांच्या संबंधाचाही होतो.

निरुपयोगी तपशील काय काम करतो, याचे एक उत्तर फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९६८ मध्ये दिले. फ्लोबेरच्या एका कथेतल्या खोलीत पियानोच्या वर वायुभारमापक आहे, आणि कथानकात त्याला काहीच काम नाही. बार्थ यांच्या मते त्याचे काम तेच: दुसरे काही न सांगणारी वस्तू ‘हे खरे आहे’ एवढेच सांगते. लेआउटवरच्या सायकलीला हे उत्तर बऱ्यापैकी लागू पडते, पण पुरत नाही. कथेतली वस्तू नुसती असली तरी चालते. लेआउटवरच्या वस्तूला भूतकाळ लागतो. गंजाचा ओघळ खिळ्यापासून खाली उतरलेला हवा. स्थानकात इंजिन जिथे उभे राहते तिथलीच खडी तेलाने काळवंडलेली हवी. बोगद्याच्या तोंडाशी काजळी कमानीच्या माथ्यावर दाट आणि बाजूला विरळ हवी. हे चुकले, तर पाहणाऱ्याला चूक कुठे आहे ते सांगता येत नाही, पण देखावा खेळण्यासारखा दिसू लागतो.

धुरावरून अग्नीचे अनुमान हे न्यायदर्शनातले ठरलेले उदाहरण आहे. बोगद्याच्या तोंडाची काजळी पाहणारा तसेच अनुमान करतो: इथून कोळशाची इंजिने वर्षानुवर्षे गेली असली पाहिजेत. व्याप्ती, म्हणजे खूण आणि कारण यांची ठरलेली सांगड, बिनचूक असते, निष्कर्ष मात्र खोटा. काजळी खडूच्या भुकटीची आहे आणि इंजिन विजेवर धावते. वाफेला किंवा धुळीला धूर समजून केलेले अनुमान सदोष, हे नैयायिकांनी सांगून ठेवलेच आहे. तिथे पाहणारा फसतो. इथे सगळे ठाऊक असूनही त्याला ते पटते.

न फसता पटण्याच्या या अवस्थेचा विचार काश्मिरी आचार्य श्रीशंकुक यांनी नाटकाच्या संदर्भात केला आणि त्यासाठी चित्रतुरगन्याय मांडला. चित्रातला घोडा पाहताना होणारे ज्ञान खरे नसते, खोटे नसते, संशयाचे नसते आणि ‘घोड्यासारखे काहीतरी’ असे सादृश्याचेही नसते. ते पाचवेच काही असते. शंकुकांचे मत आपल्याला कळते ते अभिनवगुप्तांच्या ‘अभिनवभारती’तून, आणि तिथे ते खोडण्यासाठीच मांडलेले आहे. अभिनवगुप्तांचे गुरू भट्ट तौत यांचा आक्षेप असा, की ज्याचे मूळ कोणी पाहिलेलेच नाही त्याचे अनुकरण झाले, असे म्हणायचे तरी कसे? मॉडेल रेल्वेच्या बाबतीत हा आक्षेप चांगलाच बोचतो. जॉन ॲलन यांनी कॅलिफोर्नियातल्या माँटेरे येथे उभारलेली ‘गॉर अँड डॅफेटिड’ रेल्वे कुठल्याही नकाशावर नव्हती. तिचे डोंगर, पूल, गावे सगळी कल्पनेतली. तरी ती पटत असे. गंज कसा उतरतो, लाकूड कसे करडे पडते, धूर कुठे बसतो, हे तिथे मुळाबरहुकूम होते. अनुकरण गावाचे नव्हते, कार्यकारणभावाचे होते. तौतांच्या आक्षेपाला या क्षेत्रापुरते एवढे उत्तर पुरेसे मानायला हरकत नाही.

पाटीपाशी मात्र चित्रतुरगन्यायही अडखळतो. लेआउटवरचे झाड झाड नसते, घरात कोणी राहू शकत नाही. पण पाटीवरची अक्षरे अक्षरेच असतात आणि वाचताही येतात. अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनी १९६८ च्या ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ या ग्रंथात हा भेद मांडला. चित्राची कितीही हुबेहूब प्रत नक्कलच ठरते, पण अक्षरे जुळली की कवितेची प्रत ही ती कविताच असते. म्हणजे लेआउटवरची पाटी एकाच वेळी प्रतिकृती आणि मूळ असते: तिचा पत्रा नकली, तिच्यावरचे लेखन अस्सल.

या लेखनाला प्रमाणाची मर्यादा असते. एचओ मापात, म्हणजे १:८७ या प्रमाणात, एक फूट उंचीचे अक्षर साडेतीन मिलिमीटरचे होते आणि सहज वाचता येते. पाच सेंटिमीटरचे अक्षर अर्ध्या मिलिमीटरच्या जरासे वर उरते. त्याला भिंग लागते. भिंतीवरची जुनी जाहिरात करायची तर कागदावर छापतात, कागद मागून पॉलिश पेपरने घासून पातळ करतात आणि पाणी घातलेल्या गोंदाने असा बसवतात की विटांच्या सांध्यांच्या रेघा त्यातून उठून दिसतात. मग थोडी अक्षरे खरवडून काढतात. इतकी मेहनत करून वाचनीयता कमीच केली जाते, ही या कामातली गंमत.

वाचता येणाऱ्या पाटीचे वाक्य नेमके कोणाबद्दल असते, हा खरा पेच आहे. भारतीय स्थानकांच्या पिवळ्या फलकावर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिण्याची पद्धत आहे. खंडाळ्याच्या फलकाची प्रतिकृती टेबलावर उभी केली, तर तो आकडा टेबलाबद्दल खोटा आणि खंडाळ्याबद्दल खरा असतो. स्थानक काल्पनिक असेल, तर तो खरा-खोटा ठरवण्याची सोयच राहत नाही. आज्ञेच्या पाट्यांचे आणखी वेगळे. फाटकाअलीकडचा ‘सी/फा’ फलक चालकाला शिट्टी वाजवायला सांगतो. रंगभूमीवर उच्चारलेले वचन बांधून ठेवत नाही, असे ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन म्हणत. त्या न्यायाने लेआउटवरचा फलकही पोकळ ठरावा, कारण इंजिनात बसवलेल्या बाहुलीला तो वाचता येत नाही. पण वेळापत्रक आणि नियम पाळून गाड्या चालवणारे हौशी लोक तो पाळतात, आणि फलक आला की शिट्टीचे बटण दाबतात. सृष्टीच्या आत लिहिलेली आज्ञा सृष्टीबाहेरच्यालाच लागू होते.

इथून विषय धर्माकडे वळतो. काही कारागीर छप्पर बसल्यावर कधीच दिसणार नाही असे सामान घरात ठेवतात. कोणी पाहणारच नसेल, तर ते कोणासाठी? बिशप बर्कली यांच्या तत्त्वज्ञानात न पाहिलेल्या वस्तूंचे अस्तित्व ईश्वराच्या पाहण्यावर टिकते. लेआउटपुरता तो ईश्वर म्हणजे रचनाकाराची आठवण. ब्रिटनमध्ये या छंदातली काही मोठी नावे धर्मोपदेशकांची आहेत: थॉमस इंजिनाच्या गोष्टी लिहिणारे विल्बर्ट ऑड्री, बकिंगहॅम शाखामार्ग उभारणारे पीटर डेनी, एडवर्ड बील. हा निव्वळ योगायोग नसावा. जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३९ च्या एका व्याख्यानात ख्रिस्ती परंपरेला धरून मांडले, की निर्मात्याच्या प्रतिमेत घडलेला माणूस स्वतःही दुय्यम सृष्टी घडवतो.

भारतीय परंपरेत या संदर्भात लीलेचा विचार जवळचा. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात सृष्टी ही ईश्वराची लीला म्हटली आहे, आणि लगेच पुढच्या सूत्रात त्यावरचा आक्षेप हाताळला आहे: जगात इतकी विषमता आणि इतके दुःख असताना निर्माता पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? उत्तर असे, की ईश्वर जीवांच्या कर्माला अनुसरून फळ देतो, म्हणून दोष त्याच्याकडे जात नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये जॉर्ज सेलिओस यांनी उभारलेल्या ‘फ्रँकलिन अँड साउथ मँचेस्टर’ या लेआउटवर १९३०च्या दशकातल्या महामंदीतले शहर आहे: जाहिरातींनी भरलेल्या भिंती, मोडकळीला आलेली घरे, कळकट गल्ल्या. पाहणारा या दैन्याची वाहवा करतो. तिथल्या बाहुल्यांना पूर्वकर्म नाही. कोणाला कोपऱ्यात बसवायचे आणि कोणाला मोटारीत, हे रचनाकाराने आपल्या मर्जीने ठरवले. सूत्रातले उत्तर त्याच्या कामाचे नाही.

उलट बाजूचा दोषही संभवतो. ऑस्ट्रेलियातून १९२५ मध्ये इंग्लंडला आलेल्या रॉय इंग्लंड यांना व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या भागातली गवती छपरांची जुनी घरे बदलताना, नाहीशी होताना दिसली. त्यांनी खऱ्या घरांची मापे आणि छायाचित्रे घेऊन ती चार मिलिमीटरला एक फूट या प्रमाणात उतरवायला घेतली आणि १९५४ मध्ये लाँग विटनम येथे पेंडन संग्रहालय स्थापन केले. घरे खरी, पण ज्या गावात ती मांडली ते गाव काल्पनिक. तिथे चुन्याची भिंत दिसते. तिच्यातली ओल आणि आतल्या माणसाचा खोकला दिसत नाही. सेलिओस यांच्यावर दैन्य सजवल्याचा आरोप ठेवायचा, तर पेंडनवर ते गाळल्याचा ठेवावा लागेल. दोहोंत पेंडनची बाजू भक्कम आहे, कारण तिथल्या प्रत्येक घरामागे मोजलेले मूळ आहे आणि ते घर साक्ष म्हणून तपासता येते. इंग्लंड १९९५ मध्ये वारले. संग्रहालयाचे काम स्वयंसेवक पुढे चालवत आहेत.